जखम नाही, तरी ठणका का? विंचवाच्या नांगीपासून सोडियमच्या दारापर्यंत

काही महिन्यांपूर्वी पैठण तालुक्यातल्या एक मावशी तपासायला आल्या. वय साठीच्या पुढे, मधुमेह बारा वर्षांपासून. पिशवीत रिपोर्टांचा गठ्ठा. पायाचा एक्स-रे नॉर्मल, रक्तवाहिन्यांचा डॉपलर नॉर्मल, नसांची मशीनवरची तपासणीही नॉर्मल.

"डॉक्टरसाहेब, रातच्याला तळपायाला इंगळी डसल्यावानी होतं," त्या म्हणाल्या. "जखम नाही, सूज नाही. घरचे म्हणतात, रिपोर्ट चांगले आलेत, तुझ्या मनाचंच दुखणं आहे."

शेजारी सून बसली होती. तिने मान खाली घातली.

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही इंगळीचं नाव काढलं ते अगदी बरोबर आहे. तुमचं दुखणं मनाचं नाही."

ओपीडीत गर्दी होती, त्यामुळे पुढचे सगळे सांगता आले नाही. ते आज सांगतो. जखम नसताना वेदना का होते, हे समजायला वैद्यकशास्त्राला दोनशेहून अधिक वर्षे लागली. त्या इतिहासात बेडूक आहे, समुद्रातले माकूळ आहे, दाताच्या डॉक्टरचे इंजेक्शन आहे आणि विंचू तर दोनदा आहे. हा इतिहास माहीत असला की तुमचे स्वतःचे किंवा घरातल्या कुणाचे जुने दुखणे तुम्हाला वेगळ्या नजरेने पाहता येईल.

पैठणचा विंचू

पैठण आपल्या शहरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सोळाव्या शतकात तिथल्या संत एकनाथांनी विंचवावर रचलेले भारूड आजही कीर्तनात आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये रंगते. नाथांचा विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा. हे रूपक लोकांच्या मनात लगेच उतरले, कारण विंचवाची वेदना गावातल्या प्रत्येकाने एक तर भोगलेली होती किंवा जवळून पाहिलेली होती.

डॉक्टर म्हणून मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. विंचू चावलेली जागा नीट पाहा. सुई टोचल्यासारखी बारीक खूण, कधी तीही सापडत नाही. रक्त नाही, फारशी सूज नाही. पण माणूस गडाबडा लोळतो, घामाने भिजतो. विळा लागून बोट कापले तरी तो इतका ओरडला नसता. म्हणजे जखम जेवढी मोठी तेवढी वेदना मोठी, हे आपले गणित विंचवापुढे साफ चुकते.

पूर्वी गावोगाव विंचू उतरवणारे असत. मंत्र टाकला की थोड्या वेळाने ठणका कमी व्हायचा. खरे तर बहुतेक दंशांत वेदना काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आपोआप ओसरते. श्रेय मात्र मंत्राला मिळायचे. ज्यांच्या अंगात विष भिनले ते दगावायचे, आणि तेव्हा दोष नशिबाला दिला जायचा.

विंचू नेमके काय करतो, हा प्रश्न त्या काळी सुटणे शक्यच नव्हते. कारण नस निरोप कसा नेते, हेच कुणाला ठाऊक नव्हते.

बेडूक, माकूळ आणि हाताने फिरवायचे यंत्र

१७९१ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाच्या पायावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. नसेला विजेचा स्पर्श झाला की पाय झटका देत होता. नसेतून जाणारा निरोप विजेशी संबंधित आहे, हे त्यातून पुढे आले. १८५० मध्ये जर्मनीच्या हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या नसेतल्या निरोपाचा वेग मोजला. तो सेकंदाला साधारण २७ मीटर निघाला. तारेतली वीज याच्या कितीतरी पट वेगाने जाते. म्हणजे नस ही नुसती तार नव्हती. निरोप पुढे सरकताना वाटेत काहीतरी घडत होते.

काय घडत होते? १९०२ मध्ये अर्नेस्ट ओव्हरटन यांनी दाखवले की भोवतालच्या द्रवातून सोडियम काढून टाकले तर बेडकाचा स्नायू प्रतिसाद देणे बंद करतो. सोडियम म्हणजे आपल्या मिठातला एक घटक. पण हा धागा पुढे जवळजवळ चाळीस वर्षे तसाच पडून राहिला, कारण माणसाची किंवा बेडकाची नस इतकी बारीक असते की तिच्या आत काही घालून मोजणे शक्य नव्हते.

मग माकूळ कामाला आले. कोकणात बाजारात मिळते तेच माकूळ, हॉटेलच्या मेनूतले स्क्विड. त्याच्या अंगात एक नस असते जिची जाडी जवळजवळ एक मिलिमीटर भरू शकते. १९३९ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातल्या प्रयोगशाळेत अॅलन हॉजकिन आणि त्यांचा एकवीस वर्षांचा सहकारी अँड्र्यू हक्सली यांनी या नसेच्या आत बारीक तार घालून निरोपाची वीज थेट मोजली. काही आठवड्यांतच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि दोघेही युद्धकामात गेले. परत आल्यावर त्यांनी काम पुढे नेले आणि १९५२ मध्ये पूर्ण उत्तर मांडले. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सली यांनी सगळी आकडेमोड हाताने मूठ फिरवायच्या यंत्रावर केली. १९६३ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांचे उत्तर सोप्या भाषेत असे. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये 'सिरम सोडियम १३५ ते १४५' असे लिहिलेले असते. हे सोडियम पेशीच्या बाहेरचे. पेशीच्या आत ते त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकेच असते. म्हणजे बाहेर गर्दी आणि आत मोकळी जागा. नसेच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. एरवी ती बंद असतात. काही टोचले, भाजले, दाबले गेले की दार उघडते, सोडियम आत घुसते, तेवढ्या जागी विजेची लाट उठते आणि त्या लाटेने शेजारचे दार उघडते. अशी एकामागून एक दारे उघडत निरोप पायाच्या अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत आणि तिथून मेंदूपर्यंत पोहोचतो.

यात सगळ्यात महत्त्वाचा भाग उघडण्याचा नसून बंद होण्याचा आहे. दार उघडल्यावर साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात आतून बूच बसते आणि सोडियम थांबते. हे बूच वेळेवर बसते म्हणून एका टोचणीचा एकच निरोप जातो. ते बसलेच नाही तर काय होईल? हा प्रश्न लक्षात ठेवा.

इथे एक गैरसमज दूर करतो. 'सोडियममुळे दुखतं, मग मीठ बंद करू का?' असे काही जण विचारतात. नाही. मीठ कमी केल्याने वेदनेची दारे बंद होत नाहीत. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी मीठ कमी सांगितले असेल तर ते जरूर पाळा, पण तो विषय वेगळा.

भुलेचे इंजेक्शन आधी, उत्तर नंतर

गंमत म्हणजे ही दारे माहीत होण्याच्या कितीतरी आधीपासून डॉक्टर ती बंद करत होते. १८८४ मध्ये व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब डोळ्यात टाकले तर डोळा बधिर होतो हे दाखवले. त्याआधी मोतीबिंदूचे ऑपरेशन म्हणजे रुग्णाला घट्ट धरून ठेवायचे काम होते. पण कोकेनचे व्यसन लागते आणि ते हृदयालाही घातक असते. म्हणून पर्यायांचा शोध सुरू झाला. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन बनवले आणि त्यांचे सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःच्या अंगावर टोचून पाहिले. १९४८ पासून ते बाजारात आहे. दात काढताना, टाके घालताना आज तुम्हाला दिले जाते ते हेच.

हॉजकिन-हक्सली यांची मोजण्याची पद्धत हाती आल्यावर कळले की ही औषधे सोडियमची दारे बंद करतात. तिथला निरोप निघतच नाही.

मग तुम्ही म्हणाल, जुन्या दुखण्याच्या रुग्णाला हेच औषध रोज का देत नाही? कारण अशी दारे फक्त वेदनेच्या नसांत नसतात. हृदयाचा ठोका, मेंदूचे काम, श्वासाचे स्नायू हे सगळे सोडियमच्या दारांवरच चालते. बोटापुरते बंद केले तर ठीक. अंगभर बंद केले तर जीव जाईल. जपानमध्ये फुगू नावाचा विषारी मासा खाऊन माणसे मरतात ती याच कारणाने. त्या माशाचे विष सोडियमची दारे बुजवते, हे १९६४ मध्ये तोशिओ नाराहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले.

म्हणजे शास्त्रज्ञांपुढे काम स्पष्ट होते. फक्त वेदनेच्या नसेतले दार ओळखायचे आणि तेवढेच बंद करायचे. पण त्यासाठी आधी ते दार हातात यायला हवे होते.

विंचवाचा गळ

१९८० मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटल इथे विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेने एक युक्ती केली. विंचवाच्या विषातला एक घटक नसेच्या सोडियम दाराला जाऊन घट्ट चिकटतो, हे तोवर माहीत झाले होते. त्यांनी त्या विषाचाच गळ केला. विषाला किरणोत्सारी खूण लावली, प्रकाश पाडून ते दाराला कायमचे चिकटवले आणि गळाला लागलेले प्रथिन शोधून काढले. सोडियमचे दार ज्या पदार्थाचे बनले आहे तो असा प्रथमच ओळखला गेला. ज्या विंचवाला आपण चप्पल घेऊन मारायला धावतो, त्याच्या विषाने वेदनेच्या अभ्यासाचे हे पान उघडले.

विंचू काय करतो याचेही उत्तर यातून मिळाले. मघाशी म्हटले ते बूच आठवा. विंचवाच्या विषातला हा घटक ते बूच वेळेवर बसू देत नाही. दार उघडेच राहते, सोडियम आत येतच राहते, आणि एका बारीक टोचणीचे शेकडो निरोप मेंदूकडे धावत सुटतात. जखम सुईच्या टोकाएवढी आणि वेदना अंगभर, याचे कारण हे. बिघाड कातडीत नसून दारात असतो.

साधारण त्याच वर्षांत, अशा कुठल्याही प्रयोगशाळेपासून फार दूर, रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर लाल विंचवाच्या रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी करत होते. डॉ. हिंमतराव बावस्कर. ते मूळचे आपल्याच भागातले, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. त्यांचा जन्म १९५१ चा, आणि तेव्हा जालना जिल्हा वेगळा झालेला नव्हता, तो भाग औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत होता.

कोकणातल्या लाल विंचवाचे विष फक्त वेदनेच्या नसांवर थांबत नाही. हृदय आणि रक्तवाहिन्या चालवणाऱ्या नसांची दारेही ते उघडी ठेवते. मग दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात पाणी. लहान मुले डोळ्यांदेखत जायची. डॉ. बावस्करांनी धोक्याची ही लक्षणे कोणत्या क्रमाने येतात ते टिपले आणि १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात मांडले. मग प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली आणि १९८६ मध्ये तिचे निष्कर्ष तिथेच प्रसिद्ध झाले. पूर्वी पश्चिम महाराष्ट्रात गंभीर विषबाधा झालेल्यांपैकी पंचवीस-तीस टक्के दगावत. प्राझोसिन आणि चांगल्या देखभालीमुळे हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. पुढे २०११ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस दिली तर रुग्ण लवकर बरा होतो, हे त्यात दिसले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मला या दोन्ही कामांची जोडी फार बोलकी वाटते. एकाने विषाच्या मदतीने दार शोधले. दुसऱ्याने दार उघडे राहिल्यावर शरीरात उठणारे वादळ कसे शमवायचे ते शोधले, आणि तेही आरोग्य केंद्रात, रुग्णाचे लक्षपूर्वक निरीक्षण करून.

विंचू नाही, तरी दार उघडे

आता मावशींच्या तळपायाकडे परत येऊ. त्यांना विंचू चावलेला नाही. मग दार उघडे का?

१८७८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी एका विचित्र आजाराचे वर्णन केले. तळपाय लालबुंद होतात, भयंकर आग होते आणि थंड पाण्यात बुडवल्यावरच बरे वाटते. काही घराण्यांत तो पिढ्यानपिढ्या चालतो. सव्वाशे वर्षे कारण कळले नाही. २००४ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी अशा घराण्यांचा अभ्यास करून दोष शोधला. तो सोडियमच्या एका दाराच्या जनुकात होता. माणसात या दारांचे नऊ प्रकार असतात. त्यातला हा सातवा, एनएव्ही १.७. त्याच वर्षी अमेरिकेत येल विद्यापीठाच्या स्टीफन वॅक्समन यांच्या गटाने दाखवले की या रुग्णांचे हे दार जरा जास्तच सहज उघडते आणि उशिरा बंद होते. हे लोक जन्मतःच अंगात विंचू घेऊन येतात, असे म्हणा ना.

दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, याच्या बरोबर उलटे उदाहरण समोर आले. पाकिस्तानच्या उत्तर भागातल्या तीन घराण्यांत काही मुलांना वेदनाच होत नव्हती. स्पर्श कळायचा, गरम-गार कळायचे, पण दुखायचे नाही. त्यांच्यात हेच सातवे दार जन्मापासून निकामी होते. ऐकायला हे वरदान वाटेल. पण त्या मुलांच्या जिभा स्वतःच्याच दातांनी चावलेल्या होत्या, हाडे मोडून कळलेली नव्हती. ज्या मुलामुळे हा शोध सुरू झाला तो रस्त्यावर हातात सुरी खुपसून, निखाऱ्यांवरून चालून खेळ दाखवायचा. चौदा वर्षांचा होण्याआधीच छतावरून उडी मारून तो गेला. वेदना ही आपली राखण करते. ती पूर्ण घालवणे हे उद्दिष्ट कधीच नसते. खोटा निरोप थांबावा, एवढेच हवे असते.

हे झाले दुर्मीळ जन्मजात आजार. पुढचा शोध मात्र रोजच्या रुग्णांजवळ येतो. वेदना आणि उष्णता कळवणाऱ्या नसा सर्वांत बारीक असतात. त्या बिघडल्या तर तळपाय जळतात, मुंग्या येतात, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. पण नसांची मशीनवरची तपासणी जाड नसांचीच होते. म्हणून बारीक नसा बिघडलेल्या रुग्णाचा रिपोर्ट अगदी नॉर्मल येऊ शकतो. २०१२ मध्ये नेदरलँड्स आणि येलच्या शास्त्रज्ञांनी अशाच, कारण न सापडलेल्या २८ रुग्णांची जनुके तपासली. त्यातल्या ८ जणांच्या सातव्या दारात दोष सापडला. तपासणी 'नॉर्मल' होती आणि आजार खरा होता.

मधुमेहाचे काय? १९९६ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी प्रामुख्याने संवेदनेच्या नसांतच सापडणारे एक दार ओळखले. आज त्याला आठवे दार, एनएव्ही १.८ म्हणतात. २०१२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने दाखवले की साखरेच्या चयापचयात तयार होणारा मिथाइलग्लायॉक्सल नावाचा पदार्थ या आठव्या दाराला चिकटतो आणि मग ती नस सहज पेटते. शिवाय नस दुखावली, चेपली, किंवा तिथे बराच काळ सूज राहिली की पेशी दारांची संख्या आणि ठिकाणे बदलते. मूळ जखम भरते, पण बदललेली दारे तशीच राहतात.

वेदना तीन महिन्यांहून जास्त टिकली की आम्ही तिला जुनाट वेदना म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजार-यादीत तिला आता स्वतंत्र स्थान आहे. तिथे वेदना हे नुसते लक्षण उरत नाही, तो स्वतःच एक आजार होतो.

एक खबरदारी सांगतो. सगळी जुनाट वेदना सोडियमच्या दारातच असते असे नाही. पाठीच्या कण्यातली आणि मेंदूतली यंत्रणाही बदलते. झोप, चिंता, एकटेपणा यांनी वेदना वाढते. पण वाढते म्हणजे ती खोटी ठरत नाही.

औषधांची जुनी आणि नवी गोष्ट

इथेही औषध आधी आले, कारण नंतर कळले. चेहऱ्यावर विजेचा झटका बसल्यासारखी कळ येण्याचा एक आजार आहे. दाढ दुखतेय समजून काही रुग्ण दोन-तीन दात काढून बसतात आणि कळ तशीच राहते. १९६२ मध्ये स्वीडनच्या सिगफ्रिड ब्लोम यांनी फिट्सचे औषध कार्बामाझेपिन या आजारात उपयोगी पडते असे कळवले. आज आपल्याला माहीत आहे की ते सोडियमच्या दारांना शांत करते. एकसारखी उघडझाप करणारे दार ते जास्त पकडते. म्हणून योग्य मात्रेत हृदय-मेंदूचे रोजचे काम चालू राहते आणि कळ थांबते.

अॅमिट्रिप्टिलिनचेही तसेच. रुग्ण मेडिकलमध्ये विचारतो, 'हे कशाचं?' उत्तर मिळते, 'डिप्रेशनचं.' रुग्ण घरी जाऊन गोळी फेकून देतो, कारण डॉक्टरनेही आपल्याला मनोरुग्णच ठरवले असे त्याला वाटते. ही गोष्ट आम्ही डॉक्टरांनी आधीच समजावून सांगायला हवी. नसांच्या वेदनेसाठी हे औषध नैराश्याच्या मानाने कमी मात्रेत देतात. ते वेदना दाबणारी शरीराची यंत्रणा बळकट करते आणि सोडियमच्या दारांवरही काम करते.

आठव्या दाराबद्दल निसर्गाने एक सुंदर धडा दिला आहे. अमेरिकेच्या वाळवंटात विंचू खाऊन जगणारा एक उंदीर आहे. विंचू नांगी मारतो, उंदीर जरा चाटतो आणि जेवण चालू ठेवतो. २०१३ मध्ये कारण सापडले. या उंदराच्या आठव्या दारात छोटासा बदल झालेला आहे, त्यामुळे विंचवाचे विष ते दार उघडण्याऐवजी बंद करते. विषच वेदनाशामक ठरते!

नेमके हेच दार बंद करणारी सुझेट्रिजिन ही गोळी ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजूर केली. अफूवर्गातली नसल्याने तिच्याबद्दल मोठी उत्सुकता आहे. पण व्हॉट्सअॅपवर फिरणारे 'वेदनेचा अंत' असले संदेश वाचून हुरळून जाऊ नका. मंजुरी आहे ती ऑपरेशननंतरच्या वेदनेसारख्या ताज्या, तीव्र वेदनेसाठी. जुनाट वेदनेवर अभ्यास सुरू आहेत, आणि कमरेतून पायात जाणाऱ्या कळेच्या एका चाचणीत खरी गोळी आणि नुसती दिखाऊ गोळी यांचा फायदा जवळपास सारखाच निघाला. सातव्या दारावरच्या अनेक औषधांनीही चाचण्यांत निराशा केली आहे. वाट सापडली आहे, मुक्काम अजून दूर आहे.

मग आपण काय करायचे?

तळपायाची आग, मुंग्या, रात्री वाढणारा ठणका असेल तर रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून गप्प बसू नका. दुखणे कसे आहे ते तुमच्या शब्दांत सांगा. आग, सुया, करंट, इंगळी, जे वाटते ते. आम्हाला त्या शब्दांवरूनच दिशा मिळते.

साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल किंवा आहार पूर्ण शाकाहारी असेल तर बी-१२ विसरू नका. दारू हेही नसा बिघडण्याचे मोठे कारण आहे. अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी लाज न बाळगता करा. उपचार मोफत आहेत.

नसांची औषधे हळूहळू वाढवायची आणि हळूहळूच बंद करायची असतात. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून ती घेऊ नका. कार्बामाझेपिनने काही जणांना अंगावर गंभीर पुरळ येऊ शकते. पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले तर लगेच दवाखाना गाठा. हृदयाचा आजार, काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर अॅमिट्रिप्टिलिनआधी सांगा.

आणि खरा विंचू चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, जागा कापू नका, घट्ट आवळू नका. घाम, उलट्या, गार हातपाय, धाप यातले काहीही दिसले तर तातडीने रुग्णालयात न्या. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका.

मावशींचे बी-१२ कमी निघाले. ते भरून काढले, साखर मार्गावर आणली, रात्री एक छोटी गोळी सुरू केली. दीड महिन्याने त्या परत आल्या. आग पूर्ण गेली नव्हती, पण झोप लागत होती. या वेळी सून स्वतःहून बोलली. "सर, आता आम्ही त्यांना मनाचं आहे असं म्हणत नाही. रात्री उठल्या तर मी विचारते, फार पेटलंय का?"

माझ्या मते त्या घरातले निम्मे औषध हेच होते.